ऋतुसंधीचे चौदा दिवस: जुनं सोडायचं कसं, नवं धरायचं कसं

काही वर्षांपूर्वीचं जूनमधलं माझं दुपारचं ताट मला अजून आठवतं. वाटीभर आमरस, दह्यातली काकडीची कोशिंबीर, फ्रीजमधलं ताक आणि जेवल्यावर पंख्याखाली तासभर झोप. मे महिन्यात हेच ताट मानवत होतं. मग पाऊस आला, हवा गार आणि दमट झाली, ताट मात्र मे महिन्यातच राहिलं. चार दिवसांत पोट गच्च झालं, भूक गेली, आठवड्याअखेर अंगात कणकण आली. घाबरून मी एका दिवसात सगळं उलटं केलं: दही बंद, फळं बंद, सुंठ-मिरीचा काढा दिवसातून तीनदा. त्यानं पोट हलकं झालं, पण तोंड आलं आणि छातीत जळजळ सुरू झाली.

यात दोन चुका होत्या. हवा बदलली तेव्हा मी बदलले नाही, ही पहिली. बदलले ती एका रात्रीत, ही दुसरी. दुसरी चूक जास्त महागात पडते, आणि तिच्याबद्दल फारसं कुणी सांगत नाही.

वाग्भटांच्या अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात, सूत्रस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात ऋतुचर्या, म्हणजे कोणत्या ऋतूत कसं खावं-वागावं ते, सांगितली आहे. सरत्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात दिवस यांना तिथे 'ऋतुसंधी' असं नाव आहे. या चौदा दिवसांत जुन्या ऋतूचा विधी क्रमाक्रमानं सोडायचा, नव्याचा क्रमाक्रमानं धरायचा. कारणही लगेच पुढे दिलं आहे: 'सहसा', म्हणजे अचानक, काही सोडलं किंवा सुरू केलं तर असात्म्यामुळे, म्हणजे शरीराला सवय नसल्यामुळे, रोग होतात. पुढचा सगळा लेख या 'सहसा'भोवती फिरतो.

आधी ऋतू ओळखा

सहा ऋतू, प्रत्येकी दोन महिने, हे आपण शाळेत पाठ केलं: चैत्र-वैशाख वसंत, ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म, श्रावण-भाद्रपद वर्षा, आश्विन-कार्तिक शरद, मार्गशीर्ष-पौष हेमंत, माघ-फाल्गुन शिशिर. पण हे कोष्टक भिंतीवर लावून त्यावर चालू नका. पंचांगात ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म असला तरी मुंबईत सर्वसाधारणपणे ११ जूनच्या आसपास पाऊस पोहोचतो, आणि एकदा तो लागला की शरीरापुरता वर्षाऋतू सुरू झालेला असतो. त्याच दिवसांत मराठवाड्यात ऊन तापतच असू शकतं. खिडकीबाहेर बघा. सलग तीन-चार दिवस हवा वेगळी वाटली, पहाटेचं पांघरूण बदलावंसं वाटलं, की मोजायला सुरुवात करा.

दोषांचा हिशोबही एकदा समजून घ्या, म्हणजे पुढचं पाठ करावं लागत नाही. वात ग्रीष्मात साठतो, वर्षाऋतूत उसळतो, शरदात आपोआप शमतो. पित्त वर्षाऋतूत साठतं, शरदात उसळतं, हेमंतात शमतं. कफ थंडीत साठतो, वसंतात उसळतो, ग्रीष्मात शमतो. म्हणजे आजारपण दिसतं एका ऋतूत आणि त्याची पेरणी झालेली असते आदल्या ऋतूत. ऑक्टोबरमध्ये अंगावर पित्त उठतं तेव्हा ऑक्टोबरला दोष देऊन उपयोग नाही, जुलै-ऑगस्टमधली भजी आणि लोणची आठवायची.

पावभागाचा नियम

जुनी सवय सोडायची ती पाव हिश्शानं, असं त्याच ग्रंथात आहे. चुकीची सवय फार मुरलेली असेल तर पावाच्याही पावानं. नवी चांगली सवय धरायची तीही तशीच, मध्ये एक-दोन-तीन दिवसांचं अंतर ठेवून. मी घरात हे चौदा दिवसांत असं बसवलं आहे: पहिले तीन दिवस पाव भाग बदल, चौथ्या ते सातव्या दिवसापर्यंत अर्धा, आठव्या ते अकराव्यापर्यंत पाऊण आणि शेवटच्या तीन दिवसांत पूर्ण.

दह्याचं उदाहरण घ्या. उन्हाळ्यात रोज दुपारी एक वाटी दही असेल तर पहिले तीन दिवस पाऊण वाटी. मग अर्धी वाटी, पण पाणी आणि भाजलेलं जिरं घालून घुसळलेली. मग त्याचंच पातळ ताक, सुंठ आणि सैंधव घालून. शेवटी तेही एक दिवसाआड. पोटाला धक्का बसत नाही, आणि घरातली मुलंही कुरकुरत नाहीत, कारण त्यांना काही हिरावून घेतल्यासारखं वाटत नाही.

एका वेळी दोनच गोष्टी बदला: एक खाण्यातली, एक वागण्यातली. कॅलेंडरवर पहिल्या दिवशी खूण करा आणि रोज सकाळी चार गोष्टी नोंदवा: जिभेवर पांढरा थर आहे का, पोट एका वेळेत साफ झालं का, न्याहारीच्या वेळी खरी भूक लागली का, झोपून उठल्यावर अंग हलकं वाटलं का. चारांपैकी दोन उत्तरं बिघडली तर पुढच्या पायरीवर जाऊ नका, आहात तिथेच दोन दिवस थांबा. वेग ठरवायचा तो या नोंदींवरून.

आधी हद्द आखून घ्या

या लेखात सांगतेय ती निरोगी माणसाची काळजी आहे. आजारावरचा इलाज वेगळा. पावसाळ्यात दोन दिवसांवर ताप राहिला, सतत उलट्या झाल्या, पोटात दुखत राहिलं, अंगावर लाल ठिपके आले किंवा हिरड्यांतून रक्त आलं, तर काढा उकळत बसू नका. डेंग्यू आणि मलेरियाचं निदान रक्त तपासूनच होतं. साचलेल्या पाण्यातून चालत आला असाल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटा. लेप्टोस्पायरोसिस टाळण्यासाठी प्रतिबंधक औषध लागेल का, ते तेच ठरवतील. पायाला जखम असेल तर उद्यावर ढकलू नका.

वमन (उलटी करवणं), विरेचन (जुलाब देणं), बस्ती (गुदावाटे औषध देणं) ही पंचकर्मं घरी करायची नाहीत. शास्त्रानं त्यांचे महिने दिले आहेत: साठलेला वात श्रावणात, पित्त कार्तिकात, कफ चैत्रात बाहेर काढावा. पण तेही प्रकृती तपासून वैद्यांच्या देखरेखीखाली. गुळवेलीसारख्या ओळखीच्या वनस्पतीचंही तेच. २०२१मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाचं म्हणणं असं होतं की अभ्यासात वनस्पतीची नीट ओळख पटवलेली नाही. वाद काहीही असो, कुंपणावरची वेल तोडून महिनोन्महिने काढा पिणं धोक्याचंच आहे. मधुमेह, रक्तदाब, गर्भारपण, मूत्रपिंडाचा विकार यांपैकी काही असेल तर आहारातला मोठा बदलही विचारून करा.

उन्हाळ्यातून पावसाळ्यात

वर्षातली सर्वात अवघड संधी हीच. ग्रीष्मात शरीराचं बळ आणि अग्नी, म्हणजे पचनशक्ती, दोन्ही उतरलेले असतात, आणि पावसात जमिनीतून उठणारी वाफ, गढूळ पाणी, ढगाळ हवा यांनी तो अग्नी आणखी मंदावतो. म्हणून इथे पहिलं काम औषधाचं नाही, भुकेपेक्षा कमी जेवण्याचं आहे. चार घास कमी. रात्रीचं जेवण आठच्या आत.

आंबा पहिल्या पावसानंतर हळूहळू सोडा. मृग लागला की आंबा उतरला, असं आमच्या घरात म्हणत, आणि त्यात तथ्य आहे: रस जड आणि जाठराग्नी मंद, ही जोडी जमत नाही. उरलेल्या आठ-दहा दिवसांत रस खायचाच असेल तर चमचाभर तूप आणि चिमूटभर सुंठ घालून, तोही फक्त दुपारी.

पाण्याचा बदल पहिल्याच दिवशी सुरू करा, कारण पावसाळी आजारांचं मूळ बहुतेकदा पाण्यात असतं. माठाचं किंवा फ्रीजचं पाणी पहिले तीन दिवस नेहमीसारखं गार, पण उकळून गार केलेलं. मग साधं, खोलीच्या तापमानाचं. दुसऱ्या आठवड्यात कोमट, आणि लिटरभर पाण्यात पाव चमचा सुंठ घालून उकळलेलं. उकळणं मात्र पहिल्या दिवसापासून पूर्ण. तिथे पावभागाचा हिशोब लावायचा नाही.

तांदूळ जुना घ्या, वर्षभराचा. नवा असेल तर कोरड्या कढईत मंद आचेवर दाणे किंचित फुलून खमंग वास येईपर्यंत परता, मग धुऊन शिजवा. भात हलका होतो, चिकट होत नाही. मुगाचं कढण या दिवसांत आठवड्यातून चार वेळा तरी व्हावं: अर्धी वाटी मूगडाळ भाजून आठ वाट्या पाण्यात शिजवायची, घोटायची, वरून तूप-जिरं-हिंगाची फोडणी, आल्याचा छोटा तुकडा, सैंधव, उतरवल्यावर लिंबू. वाग्भट पावसाळ्यात थोडं आंबट, खारट आणि स्निग्ध खायला सांगतात ते वातासाठी. त्याचा अर्थ रोज भजी असा नाही. जेवणाआधी आल्याचा पातळ काप, सैंधव आणि लिंबाचे दोन थेंब, एवढ्यानं काम होतं. पालेभाज्या महिनाभर मागे ठेवा, दुधी, पडवळ, दोडका, सुरण पुढे आणा. आषाढातल्या कांदेनवमीनंतर अनेक घरांत कांदा, लसूण, वांगं चार महिने बंद होतं. ज्यांना व्रत म्हणून करायचं नाही त्यांनीही वांगं तरी जपूनच खावं.

दुपारची झोप फक्त ग्रीष्मात चालते, कारण तेव्हा रात्र लहान असते. ती आता सोडायची, तीही पावभागानं: तासाची पाऊण, मग अर्धा तास, मग खुर्चीत बसून दहा मिनिटं डोळे मिटणं.

अंगाला तेल सुरू करायचं ते याच वेळी. तिळाचं तेल कोमट करून रोज सर्वांगाला लावायला वेळ नसेल तर डोकं, कान आणि तळपाय या तीन जागा सोडू नका, त्यांचा उल्लेख शास्त्रानं मुद्दाम केला आहे. तेल लावून पंधरा-वीस मिनिटांनी गरम पाण्यानं अंघोळ. ताप असेल, अजीर्ण असेल, छाती कफानं भरली असेल तर त्या दिवशी तेल नाही. भिजून आल्यावर आधी पाय पुसून कोरडे करा, बोटांच्या बेचक्यांसकट.

पावसाळ्यातून ऑक्टोबरच्या उन्हात

इथे बहुतेक जण फसतात, कारण सगळे थंडीची वाट बघत असतात आणि मध्ये शरद येऊन जातो. पाऊस मुंबईतून साधारण ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघार घेतो. आकाश स्वच्छ होतं, ऊन अंगाला बोचतं आणि चार महिने साठलेलं पित्त वितळून बाहेर येतं. तोंड येणं, आंबट ढेकर, डोळ्यांची आग, घोळणा फुटणं, अंगावर गांधी उठणं, हे सगळं याच महिन्यातलं. पावसाळ्यात ज्या आल्या-सुंठीनं पोट सांभाळलं, तीच आता त्रास देते. म्हणून काढा पहिल्यांदा उतरवायचा. रोजचा आल्याचा चहा चार कप असेल तर तीन, दोन, एक, मग गवती चहाचा.

त्याऐवजी धन्याचं पाणी ठेवा. एक भाग भरड कुटलेले धने, सहा भाग पाणी, मातीच्या किंवा काचेच्या भांड्यात रात्रभर झाकून. सकाळी गाळून खडीसाखर घालून रिकाम्या पोटी प्यायचं. आयुर्वेदात याला धान्यक हिम म्हणतात, आणि अंगातल्या आगीवर इतका सोपा उपाय दुसरा मला माहीत नाही. आग थांबली की बंद करा, सवय लावून घेऊ नका. दहा-बारा मनुका रात्री भिजवून सकाळी पाण्यासकट खाणं हेही याच जातीचं, मधुमेह नसलेल्यांसाठी.

ताटात आता कडू, गोड, तुरट चवी वाढवायच्या: कारलं, पडवळ, दुधी, मूग, तांदूळ, आवळा आणि साजूक तूप. सोडायच्या गोष्टींची वाग्भटांची यादी नेमकी आहे: दही, क्षार, तेल, ऊन, दव, दिवसाची झोप, पूर्वेचा वारा आणि 'सौहित्य', म्हणजे पोट तुडुंब भरून जेवणं. हा शेवटचा शब्द फ्रीजच्या दारावर लिहून ठेवावा असा आहे.

नवरात्राचे उपवास नेमके या संधीत येतात. उपवास म्हणून साबुदाण्याची खिचडी, दाण्याची आमटी, हिरवी मिरची, तळलेले पापड दिवसातून दोनदा खाल्ले तर पित्ताला आमंत्रणच. उपवास जरूर करा, पण राजगिऱ्याची लाही दुधात, दुधीची तूप-जिऱ्याची भाजी, वरीचा मऊ भात, डाळिंब असा. मिरचीऐवजी जिरं आणि किंचित मिरपूड. कोजागरीला चांदण्यात आटवलेलं दूध पितो तेही पित्त शमवणारंच आहे. फक्त ते भरल्या पोटावर, भेळ आणि वड्यांबरोबर पिऊ नका.

शरदातल्या पाण्याला 'हंसोदक' असं सुंदर नाव आहे. दिवसा सूर्यानं तापलेलं, रात्री चंद्रानं निववलेलं, अगस्त्य ताऱ्याच्या उदयानं निर्विष झालेलं पाणी. आज नदीचं पाणी तसंच प्यायचं नाही, पण उकळलेलं पाणी रात्री झाकून गच्चीवर निवत ठेवायला काय हरकत आहे?

थंडीची चाहूल

शरदातून हेमंतात जाणं सोपं. पित्त शमतं, भूक वाढते, शरीर स्वतःच मागू लागतं. दिवाळीच्या अभ्यंगापासून तेल पुन्हा रोजचं करा. एक सावधगिरी मात्र आहे. कार्तिकाचे शेवटचे आठ आणि मार्गशीर्षाचे पहिले आठ दिवस यांना शार्ङ्गधर संहितेत 'यमदंष्ट्रा', यमाच्या दाढा, म्हटलं आहे, आणि या दिवसांत जो थोडं जेवतो तो जगतो, असा इशारा दिला आहे. दिवाळी उलटून तीनेक आठवड्यांनी हे दिवस येतात. फराळाचे डबे तोवर रिकामे झालेले असतात, पण पोट अजून ते पचवत असतं. डिंकाचे लाडू त्यानंतर सुरू करा, तेही सकाळी एक.

हेमंत आणि शिशिर यांत फारसा फरक नाही. बाजरीची भाकरी, तीळ, गूळ, लोणी, उडीद, गरम पाणी, व्यायाम. शिशिरात कोरडेपणा वाढतो एवढंच, म्हणून तूप-तेल थोडं जास्त.

लाडू कधी थांबवायचे: थंडीतून वसंतात

फेब्रुवारीच्या शेवटी दुपारचं ऊन चढू लागतं आणि सकाळी मात्र गारवा असतो. थंडीत गोठलेला कफ या उन्हानं पातळ होतो. सकाळी नाक वाहणं, घशात चिकटपणा, जेवल्यावर डोळे जड होणं ही त्याची चिन्हं. बहुतेक घरांत डिंकाचे लाडू डबा संपेपर्यंत खाल्ले जातात. डबा संपायची वाट बघू नका. पहिले तीन दिवस पाऊण लाडू, मग अर्धा, मग एक दिवसाआड, मग बंद. त्याच वेळी तेलाच्या अभ्यंगाची जागा कोरड्या उटण्याला द्या: डाळीचं पीठ, आंबेहळद, नागरमोथा, त्वचा फार कोरडी असेल तर दोन थेंब तेल. अंगावर खालून वर चोळायचं.

व्यायाम या ऋतूत सर्वात जास्त उपयोगी, पण अर्ध्या ताकदीनं. कपाळ, नाक आणि काखेत घाम आला, तोंडाला कोरड पडली की थांबायचं. जेवणात जुना गहू, जव, मूग, थोडं मध. मध कोमटाहून गरम पाण्यात घालू नका, आणि एक वर्षाखालच्या बाळाला मध मुळीच नको. दही, नवं धान्य, गार आणि गोड बंद. दुपारची झोप तर नाहीच, कफाला ती सर्वात लवकर वाढवते. गुढीपाडव्याला कडुनिंबाची कोवळी पानं, ओवा, हिंग, सैंधव आणि गूळ एकत्र वाटून खातो, ते एक दिवसाचं कर्मकांड करून सोडू नका. पाडव्याच्या आदल्या तीन आणि नंतरच्या चार दिवसांत रोज हरभऱ्याएवढी गोळी घ्या. गर्भारपणात मात्र कडुनिंब टाळा.

पुन्हा उन्हाळा

वसंतातलं तिखट, कडू आणि व्यायाम आता मागे घ्यायचा. घामावाटे शक्ती जाऊ लागली की धावणं चालण्यावर आणा, चालणं सूर्योदयाच्या आधीवर. खारट, आंबट, तिखट कमी करत जा. कैरीचं पन्हं, कोकम सरबत पातळ करून प्या, तांदळाची पेज सकाळच्या न्याहारीला आणा. पेजेसाठी एक वाटी कण्या आणि चौदा वाट्या पाणी, किंचित मीठ, तूप.

माठ बाहेर काढाल तेव्हा नवा असेल तर दोन दिवस पाणी भरून ओतून टाका, वाळ्याची जुडी धुऊन उन्हात वाळवून मगच आत सोडा. पहिले तीन दिवस माठातलं आणि साधं पाणी निम्मं-निम्मं प्या, उन्हातून आल्यावर तर दहा मिनिटं बसून, घाम सुकल्यावरच.